चालत्या मागावरची झोप

फेब्रुवारी सरत आला की माझ्या वर्गातल्या मुली जांभया द्यायला लागतात. दहावीला शिकवणाऱ्या बाईला ऋतू कॅलेंडरमध्ये बघावा लागत नाही. जांभया सुरू झाल्या म्हणजे परीक्षा आली, आणि परीक्षा आली म्हणजे तिच्या पाठोपाठ आमचा सोलापूरचा उन्हाळा आलाच. यंदा एका मुलीने मात्र जांभईची लाज न बाळगता सरळ सांगून टाकलं, "मॅडम, मी सध्या तुकड्यातुकड्यांनी झोपते." रात्री थोडं, पहाटे थोडं, शाळेतून गेल्यावर थोडं आणि दिवेलागणीच्या आधी एक डुलकी. तिने मोबाईलवर कुठेतरी पाहिलं होतं. अशाने अभ्यासाला वेळ जास्त मिळतो म्हणे. शेजारच्या दोघीतिघी हसल्या. मग तिने विचारलं, "मॅडम, तुम्ही कधी असं झोपून बघितलंय?"

मी म्हणाले, "पुस्तकं उघडा." उत्तर द्यायचं नसलं की पुस्तक उघडायला सांगावं, ही एक सोय आमच्या धंद्यात आहे.

बघितलंय. एक अख्खा उन्हाळा मी तसं झोपून काढला. तो माझ्या वडिलांचा, अप्पांचा, शेवटचा उन्हाळा. दरवर्षी ऊन तापायला लागलं, दुपारी खिडकीवर ओली चादर टांगली, की माझे डोळे त्या जुन्या वेळांना आपोआप मिटायला लागतात आणि जुन्याच वेळांना उघडतात. बाकीचं सगळं विसरता येतं. शरीराला मात्र हा उन्हाळा पाठ झालेला आहे.

आमचं घर शहराच्या पूर्व भागात, मागांच्या गल्लीत. गल्लीतली बहुतेक घरं तेलुगू विणकरांची, आम्ही मधेच आलेले. अप्पा मूळचे मंद्रूपचे. तिथल्या कोरड्या रानात सगळ्या भावांची पोटं भरेनात म्हणून तरुणपणीच सोलापूरला आले, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर उभे राहिले आणि म्हातारे होईपर्यंत उभेच राहिले. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात ते आणि मी. माझं लग्न झालं नाही. त्याची कारणं सांगण्यासारखी आहेत, पण इथे नाही.

समोरच्या घरात नरसय्यामामा, अप्पांना अन्ना म्हणणारे. खाली चार माग, वर संसार. ते माग सकाळी सुरू होत ते संध्याकाळपर्यंत खटाखट चालत. बाहेरून आलेल्या पाहुण्याला त्या आवाजात दोन वाक्यं धड बोलता येत नसत. पाहुणा म्हणे, "तुम्ही राहता कसं इथं?" आम्ही विचारत असू, "का? काय झालं?" आमच्या गल्लीत माग अवेळी बंद पडायची कारणं दोनच. लाईट जाणं, नाहीतर मयत होणं. कुणाच्या घरी मयत झालं की अख्खी गल्ली माग बंद करते आणि अंत्ययात्रा निघून गेल्याशिवाय पुन्हा चालू करत नाही. हे कुणी ठरवलेलं नाही, कुणी मोडलेलंही नाही. त्यामुळे आवाज थांबला की आम्ही सगळे आधी वर पंख्याकडे बघतो. पंखा थांबलेला असला तर लाईट गेली. पंखा फिरत असला तर मात्र घरातलं कुणीतरी उंबऱ्यापाशी जाऊन विचारतं, "कोण गेलं?"

त्या वर्षी अप्पांची छाती पार थकली. आयुष्यभर कापसाची धूळ ओढलेली छाती ती. त्यांना आडवं होता येत नव्हतं. पाठीशी गादीची वळकटी लावून ते बसल्या बसल्या झोपायचे, आणि ती झोपही अशी की जरा डोळा लागला की खोकल्याने मोडायची. उठले की घोटभर पाणी, पाठीवर हात, कधी वाफ, आणि मग पुन्हा वळकटी. डॉक्टर म्हणाले, "औषधं चालू ठेवा, पण मुख्य म्हणजे त्यांना झोप मिळू द्या. थोडी शांत झोप मिळाली तर उभारी धरतील." मला त्या वाक्यातलं "उभारी" एवढंच ऐकू आलं. घरी येताना रिक्षात मी मनाशी ठरवलं की या माणसाला झोप मिळवून द्यायची. उन्हाळ्याची सुट्टी लागली होती, शाळा नव्हती, पेपर तपासून झाले होते. माझ्याकडे तेवढं एकच काम होतं.

आमच्या शाळेतल्या कॉम्प्युटरच्या तरुण सरांनी मला तो व्हिडिओ पाठवला. माणसाने सलग झोपायलाच पाहिजे असं काही नाही, छोट्या छोट्या डुलक्यांवरही दिवस निघतो, असं त्यात एक गोरागोमटा माणूस उत्साहाने सांगत होता. त्याचं तोंड इतकं ताजंतवानं होतं की त्याच्यावर विश्वास ठेवणं कठीण होतं, पण मी ठेवला. अप्पा जागे असतील तेव्हा आपण जागं असायचं आणि त्यांचा डोळा लागला की आपणही पडायचं. म्हणजे त्यांना हाक मारावी लागणार नाही. मी मोबाईलमध्ये गजर लावले. त्यांच्या खाटेशेजारी जमिनीवर चटई टाकली.

अप्पा ते सगळं बघत होते. "ह्ये काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

मी समजावून सांगितलं. त्यांना हसू आलं आणि हसण्याने खोकला. खोकला ओसरल्यावर म्हणाले, "आमी जलमभर तसंच झोपलो की. आमचा कुणी शिनेमा काढला न्हाई."

खरंच होतं ते. चार माग सांभाळणारा माणूस पाळीत कुठे झोपणार? पण पाळी लांब, अंग थकलेलं. विणलेल्या टॉवेलांच्या ढिगाला टेकून ते मिनिटा-दोन मिनिटांची डुलकी काढत. मागात इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात सुताची कांडी असते. ती संपली किंवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. चार मागांच्या आवाजातून एक आवाज गळाला की अप्पांचे डोळे उघडत. शेजारी फटाके वाजवले असते तरी ते उठले नसते, पण एक माग गप्प झाला की उठत. मुकादमाला वाटे हा माणूस झोपतच नाही.

"आणि त्येच्या आदी मेंढरं," अप्पा म्हणाले. "मंद्रूपला ल्हानपणी मेंढरामागं हिंडायचो. दुपारचं लिंबाखाली पडायचं. घंटी वाजतीया तवर डोळा मिटायचा. घंटी थांबली की उटायचं."

"थांबली की का?"

"का म्हंजी? मेंढरू चरायचं थांबलं म्हंजी कायतरी हाय की तितं."

हे मी ऐकलं, हसले, आणि सोडून दिलं. वर्गात मुली माझं बोलणं जसं ऐकतात तसंच.

तुकड्यांच्या झोपेचे पहिले दिवस विचित्र गेले. दिवसाला काठच उरला नाही. सकाळ केव्हा संपली आणि दुपार कुठे लागली ते कळेना. चहात दोनदा साखर पडली, आमटीत मीठ पडलंच नाही. दूधवाल्याला मी एकदा हजेरी घेतल्यासारखं "बस खाली" म्हणाले. पण हळूहळू अंगाला सवय झाली. अप्पांचा श्वास लयीत आला की मी डोळे मिटायची आणि खाटेची पहिली करकर झाली की उठून बसायची. गजराची गरज उरली नाही, तरी लावलेले गजर तसेच ठेवले. आम्ही दोघं एकाच झोपेचे तुकडे वाटून घेत होतो. आयुष्यात अप्पांच्या इतकं जवळ मी पूर्वी कधी नव्हते. लहानपणी ते कारखान्यात असत आणि मी शाळेत. ते झोपलेले असताना मी घराबाहेर पडे. आता या एका खोलीत, ओल्या चादरीच्या वासात, बाप आणि पन्नाशीला टेकलेली लेक एकाच वेळी जांभई देत होतो. मला ते दिवस आवडत होते, हे सांगायला जरा संकोच वाटतो. आजारी माणसाच्या उशाशी सुख वाटू नये असं म्हणतात, पण वाटलं.

अप्पांची झोप मात्र वाढेना. दुपार हीच त्यांची त्यातल्या त्यात झोपायची वेळ. त्या दिवसांत लाईट फार जायची. लाईट गेली की माग थांबत, पंखा थांबे, आणि अप्पा दचकून उठत. मला वाटलं, उकाड्याने उठतात. मी हातपंखा घेऊन तयार बसू लागले. लाईट आली की माग पुन्हा खटाखट सुरू होत आणि मला त्या आवाजाचा राग येई. एवढ्या गोंगाटात आजारी माणूस झोपणार तरी कसा? शेवटी एके सकाळी मी रस्ता ओलांडून नरसय्यामामांकडे गेले. कसं बोलावं ते सुचेना. दुसऱ्याचा माग बंद कर म्हणणं म्हणजे चूल विझव म्हणणं. पण त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही.

"अम्मा, तू सांगायला कशाला आलीस? मला कळाया पाहिजे होतं," ते म्हणाले. "दुपारी बंद ठेवतो. अन्ना झोपू दे. संध्याकाळी जास्त चालवतो मी, काय होतंय?"

त्यांनी शेजारच्या दोन घरांनाही सांगितलं, त्यांनी पुढच्या घरांना. त्या दुपारपासून जेवणं झाली की आमच्या भागातले माग थांबू लागले. पहिल्या दिवशी ती शांतता इतकी नवी होती की भर दुपारी भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज मला ठळक ऐकू आला. दूर होटगीच्या बाजूला गाडीची शिट्टी वाजलेली ऐकू आली. मी समाधानाने चटईवर पडले.

अप्पांनी डोळे उघडले. वर पंख्याकडे बघितलं. पंखा फिरत होता. त्यांनी वळकटीवरून मान उचलली.

"कोण गेलं गं?"

"कोणी नाही अप्पा. तुम्हाला झोप लागावी म्हणून मामांनी माग बंद ठेवलेत."

"आसं व्हय," ते म्हणाले. "बरं." आणि डोळे मिटून घेतले. पण मिटलेले डोळे आणि झोपलेले डोळे वेगळे दिसतात.

दुसऱ्या दिवशी तेच. डोळा लागला, माग थांबले, डोळे उघडले, आधी पंखा बघितला. "कोण गेलं?" विचारलं आणि मी सांगायच्या आत स्वतःच म्हणाले, "न्हाई न्हाई, नरसय्यानं बंद ठिवलंय." तिसऱ्या दिवशी विचारलं नाही, नुसते वर बघत राहिले. डोक्याला माहीत होतं, पण कानाला कोण समजावणार? जन्मभर जो कान आवाज थांबला की उठला, तो एका आजारासाठी सवय सोडणार नव्हता. हे मला आज दिसतं. त्या वेळी मला वाटत होतं, आजार वाढतोय. डॉक्टरांना विचारावं का, गोळी बदलावी का, या विचारात मी होते. अप्पा दिवसेंदिवस उतरत होते. गालफडं आत गेली. बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर सोडून द्यायला लागले. गल्लीने मायेने दिलेल्या त्या शांत दुपारी आम्ही दोघं टक्क जागे बसून राहायचो.

मग लग्नाचा मोसम जोरात आला. आमच्याकडे लग्नात मानाचे टॉवेल आणि टोप्या वाटतात, त्यामुळे टॉवेलांना ऐन उन्हात मागणी येते. नरसय्यामामा एका दुपारी दारात येऊन उभे राहिले. चप्पल काढली, पुन्हा घातली.

"अम्मा, दोन दिवस दुपारी चालवू काय? माल द्यायचं हाय. पार्टी ऐकेना झालीय."

मी "चालवा की मामा" म्हणाले, पण मनातून नाराज झाले. त्यांनाही ते दिसलं असावं. ते मान खाली घालून गेले. थोड्या वेळाने एक माग सुरू झाला, मग दुसरा, मग चारही. भांड्यांच्या फळीवरच्या वाट्या नेहमीसारख्या बारीक थरथरू लागल्या. मी अप्पांकडे बघितलं. त्यांच्या कपाळावरची आठी उलगडली होती. मान हळूच एका बाजूला कलली. तोंड किंचित उघडं पडलं.

मी घाबरले. जवळ जाऊन नाकाशी हात धरला. श्वास चालू होता, सावकाश आणि खोल. अप्पा झोपले होते. ते खरंखुरं झोपणं होतं, कित्येक आठवड्यांत न दिसलेलं. मी चटईवर बसून त्यांच्याकडे बघत राहिले आणि बघता बघता मलाही झोप लागली. गजर वाजून वाजून थकले असतील. आम्ही दोघं उठलो तेव्हा खिडकीवरची चादर वाळून कडक झाली होती आणि ऊन भिंतीवरून उतरलं होतं.

अप्पांनी चहा मागून घेतला. बशीत ओतून प्याले. बऱ्याच दिवसांनी आवाजात जोर होता.

"अप्पा, माग चालू असताना झोप लागते तुम्हाला?"

"मग कवा लागंल? माग चालू हाय म्हंजी समदं ठीक हाय."

"मग सांगायचं नाही का? मी त्यांना बंद ठेवायला लावलं ना."

त्यांनी बशी खाली ठेवली. "नरसय्यानं मायेनं बंद केलं. तू मायेनं सांगितलंस. आता त्येला कुटं म्हनू, बाबा, तुजी माया बोचतीया मला?"

मला रडू आलं. हसूही येत होतं. मी रस्ता ओलांडून नरसय्यामामांना सांगितलं. ते मागापाशी उभे होते, आधी त्यांना ऐकू गेलं नाही. मी ओरडून सांगितलं, "मामा, बंद करू नका. अप्पांना आवाज लागतो." त्यांनी डोक्याला हात लावला. तेही मागावरच जन्मलेले, पण दुसऱ्या कुणाच्या झोपेचा असा विचार त्यांनीही केला नव्हता. "अरे देवा," ते म्हणाले, "मलापण तसंच होतंय की. गावाला गेलो की झोप येत नाही मला."

तिथून पुढचे दिवस चांगले गेले. उभारी वगैरे आली नाही. छाती होती तशीच होती, आणि ती बरी होणारी नव्हती हे मीही आतून ओळखून होते. पण रोज दुपारी अप्पा झोपत. कामगाराची सुट्टी असली तरी मामा स्वतः खाली येऊन एक तरी माग चालू ठेवत. माल संपला तर उरलेल्या सुतावर काहीबाही विणत बसत. दिवसातून एकदा दारात डोकावून हाताने खूण करून विचारत, "अन्ना पडुकुन्नारा?" म्हणजे झोपले का? मी मान हलवली की ते तृप्त चेहऱ्याने परत जात. माझ्या डुलक्याही त्या आवाजात सुखाने होऊ लागल्या. व्हिडिओतल्या त्या ताज्यातवान्या माणसाला हे माहीत नव्हतं. झोप किती तुकड्यांत घेता याला महत्त्व नाही. तुम्ही झोपलेले असताना बाहेर कोण जागं आहे, यावर सगळं असतं.

आता मी रात्री सलग झोपते. वेळेवर पडते, वेळेवर उठते, डॉक्टरांच्या तक्त्यात बसेल अशी झोप. पण या झोपेत मला कुणासाठी उठायचं नसतं, आणि हे सकाळी पहिल्यांदा जाणवतं तेव्हा खूप एकटं वाटतं. गल्लीतले माग कमी झालेत. नव्या मोठ्या मशिनी एमआयडीसीत गेल्या. मामांचे चारातले दोन विकले गेले. उन्हाळ्याच्या दुपारी मात्र मी अजून चटईच टाकते, खाटेशेजारी. खाट रिकामी आहे. करकर होत नाही, तरी मी ठरल्या वेळी जागी होते आणि पाण्याचा तांब्या कुठे आहे ते बघते.

त्या उन्हाळ्याची सुट्टी संपत आली होती. त्या दुपारी अप्पांनी भाकरीचा तुकडा शेंगाच्या चटणीबरोबर खाल्ला, तिखट लागली म्हणाले, आणि वळकटीला टेकले. "शाळा कवा उगडतीया?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "मग दुपारचं मी एकलाच हाय म्हन की," ते म्हणाले. मी म्हणाले, "मामा आहेत ना समोर." ते समोरच्या आवाजाकडे कान देऊन जरासे हसले. "व्हय, नरसय्या हाय." मग त्यांचा डोळा लागला आणि माझाही.

मी उठले ती गजराने. त्यांची झोप मोडू नये म्हणून आधी घाईने गजर बंद केला. मग मला कळलं की आज खाट करकरली नव्हती. अप्पांची मान रोजच्यासारखीच एका बाजूला होती. मी नाकाशी हात धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

समोर माग चालले होते. फळीवरच्या वाट्या थरथरत होत्या. मी कुणाला हाक मारली नाही. माग चालू आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असं त्यांनीच सांगितलं होतं, आणि मला ते आणखी थोडा वेळ तसंच राहायला हवं होतं. मी त्यांचा हात हातात घेऊन बसले. हात अजून उबदार होता, पण त्या दिवसांत सोलापुरात सगळंच उबदार असतं.

नरसय्यामामा नेहमीसारखे दारात डोकावले. हाताने खूण केली. अन्ना पडुकुन्नारा? मला मान हलवता आली नाही, होय म्हणूनही नाही आणि नाही म्हणूनही नाही. ते आत आले, अप्पांच्या पायांपाशी उभे राहिले, वाकून दोन्ही पायांना हात लावला आणि परत गेले.

पहिला माग थांबला. मग दुसरा, तिसरा, चौथा. मग शेजारचे. आवाज गल्लीच्या टोकापर्यंत घराघराने विझत गेला, आणि मग ती शांतता आली, घड्याळ ऐकू येणारी. माझं लक्ष अप्पांच्या पापण्यांवर होतं. मला माहीत होतं, तरी मी वाट बघत होते. माग थांबल्यावर ते उठले नाहीत असं कधी झालंच नव्हतं.

वर पंखा फिरत होता. बाहेर दारादारांत माणसं येऊन उभी राहिली होती, आणि "कोण गेलं" असं कुणी विचारलं नाही.